तुझ्या वहीतलं वाक्य

चिमणे,

काल रात्री तुझी इंग्रजीची वही टेबलावर उघडी होती. इननेट, इनहेरंट, इन्ट्रिन्सिक, कॉन्जेनिटल, हेरेडिटरी, इन्ग्रेन्ड या सहा शब्दांची वाक्यं करायची होती. पहिल्यापुढं तू लिहिलं होतंस, ‘माझ्या बाबांना मराठी इननेट आहे.’ आणि मग मला विचारलंस, “तुला आहे, मला नाही. मग अक्काशी बोलता येत नाही ही माझी चूक कशी?”

मी “झोप आता” म्हणालो. ते काही उत्तर नव्हतं, म्हणून लिहितोय.

इननेट म्हणजे आपण ज्याला उपजत म्हणतो ते. लॅटिनमधल्या जन्मण्याच्या क्रियापदातून तो शब्द आला, आणि ते क्रियापद आपल्या ‘जन्’ धातूचं लांबचं भावंड आहे. बाळाला दूध चोखायला कुणी शिकवत नाही, ते उपजत. भाषा उचलायची ताकदही उपजत. पण मराठी? ती कुणाला उपजत नसते. मलाही नव्हती.

बेळगावच्या वडगावात आमच्या भिंतीला भिंत लागून मागवाल्या अज्जींचं घर होतं. दिवसभर मागाची खटखट चालायची. मी शाळेतून आलो की दप्तर टाकून तिकडंच. त्या “बा मगा, ऊटा माडु” म्हणायच्या आणि मी जेवायला बसायचो. कानडी मला कुणी शिकवली नाही, कधी आली तेही आठवत नाही. एकदा माळ्यावरून पडलो तेव्हा तोंडातून ‘आई गं’ऐवजी कानडीतलं “अव्वा!” असंच निघालं. आमचे अप्पा दारात उभे होते. काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

कारण अप्पा सांगायचे, मराठी आपल्या रक्तात आहे. 1956 साली 1 नोव्हेंबरला आमचं बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं, ते त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. दर 1 नोव्हेंबरला दंडाला काळी पट्टी बांधून, मला सायकलच्या नळीवर बसवून ते फेरीला न्यायचे. अज्जींच्या दारावर त्याच दिवशी कानडी लोकांचा लाल-पिवळा झेंडा असायचा. आणि संध्याकाळी त्यांच्याकडून आलेले कडबू आम्ही सगळे खायचो, अप्पासुद्धा. सुताचा हिशेब अप्पा कानडीतच करायचे. तू जिला अक्का म्हणतेस ना, तो शब्दही कानडीतूनच आपल्याकडं आलाय. तूपसुद्धा.

मग रक्तात काय होतं? मला वाटतं, काहीच नव्हतं. होती ती राखण. पोराला मराठी शाळेतच घालायचं, दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षर ठेवायचंच, घरी कानडीत कागद आला की तो कुणाकडून तरी वाचून घ्यायचा, पण आपण लिहायचं ते मराठीतच. अप्पांना हे रोज उठून करावं लागायचं. उपजत गोष्टीला एवढं जपावं लागत नाही गं.

बाकीच्या शब्दांचं थोडक्यात सांगतो. हेरेडिटरी म्हणजे घराण्यातून आलेलं. अप्पांचं, काकांचं आणि माझं तिशीतलं टक्कल हेरेडिटरी, पण जन्मताना आम्हा तिघांच्याही डोक्यावर जावळ होतं, म्हणून ते कॉन्जेनिटल नाही. उलट तुझ्या आत्याच्या बाळाच्या हृदयाला जन्मतःच छिद्र होतं, ते कॉन्जेनिटल. आपल्या घरात ते आधी कुणालाच नव्हतं. इनहेरंट म्हणजे एखाद्या गोष्टीला आतूनच चिकटलेलं. विजेच्या मागात बोट सापडायचा धोका असतो तसं. इन्ट्रिन्सिक म्हणजे गोष्टीचं तिचं स्वतःचं. सोनं वितळवलं तरी त्याला किंमत राहते, नोट जाळली की राख.

मला ज्यावर बोलायचंय तो शेवटचा शब्द, इन्ग्रेन्ड, म्हणजे आत पक्कं मुरलेलं. ‘ग्रेन’ हे एका पक्क्या तांबड्या रंगाचं जुनं नाव. तो बारीक किड्यांपासून करायचे आणि ते वाळलेले किडे दाण्यांसारखे दिसायचे, म्हणून ते नाव. हे वाचलं तेव्हा मला अज्जींचं परसू आठवलं. चुलीवर रंगाचं पातेलं, काठीवर टांगलेल्या सुताच्या लडी, आणि त्यांचे मनगटापर्यंत लाल झालेले हात. विणण्याआधीच सूत रंगवायचं, म्हणजे लुगडं फाटलं तरी धाग्याचा रंग जात नाही, असं त्या सांगायच्या. माझी मराठी तशी आहे. माझ्या नावापुढं तो शब्द लिहिलास तर खरं होईल.

सुताला मात्र कुणी विचारत नाही की तुला हा रंग हवाय का. मलाही कुणी विचारलं नव्हतं. हे मनात येतं तेव्हा तुझ्यावर काही लादायचा मला धीर होत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू तीन वर्षांची असेपर्यंत आपल्या बेळगावी मराठीत घडाघडा बोलायचीस. “बाबा, काय करूलालास?” म्हणत इथल्या लीड्सच्या घरात माझ्यामागं फिरायचीस. मग तुझ्या नर्सरीतल्या बाई म्हणाल्या, मुलगी गोंधळतेय, घरी इंग्रजीच बोला. आम्ही घाबरलो आणि ऐकलं. दोन भाषांत वाढलेला मी, कानडी आणि मराठीनं ज्याचा कधी गोंधळ उडाला नाही, तो मीसुद्धा. अप्पांनी आयुष्यभर जे राखलं ते मी एका आठवड्यात सोडून दिलं. चूक तुझी नाही. ती माझी आहे, आणि हे तुला फार आधी सांगायला हवं होतं.

वहीतलं वाक्य तुला हवं तसं ठेव, मार्क तुझ्या बाईंच्या हातात. रविवारी दुपारी अक्काचा फोन येईल. “काय करूलालीस?” एवढंच विचारलंस तरी ती पुढचा अर्धा तास एकटीच बोलेल, तुला नुसतं ऐकायचंय. नको वाटलं तर खोलीतच थांब. फोन मी घेईन.

तुझा,
बाबा