कंसातला प्रश्न

पत्र थोडक्यात असे : ‘मी रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गणपतीच्या सुट्टीनंतर आठवीच्या मुलांना कर्करोगाची तोंडओळख करून द्यावी म्हणून मी दोन तासांचा पाठ घेतला आणि पडद्यावर चित्रे दाखवली. एक मुलगी रडत वर्गाबाहेर गेली. तिची आई श्रावणापासून डोंबिवलीला बहिणीकडे राहून केमोथेरपीसाठी परळला जाते. (हीच मुलगी जूनमध्ये मला “आईच्या ताटात जेवले तर चालते का” असे विचारत होती, मी तिला घरी विचारायला सांगितले होते.) दुसऱ्या दिवशी तीन पालक येऊन “असले अभद्र मुलांना कशाला” म्हणाले, आणि मुख्याध्यापकांनी आधी अभ्यासक्रम पुरा करा असे बजावले. दिवाळीच्या सुट्टीत ती मुलगी आईकडे जाणार आहे. मी हा विषय पुढे न्यावा की पालकांचे ऐकावे?’

प्रिय बाई,

पालक, मुख्याध्यापक आणि अभ्यासक्रम या तिघांनाही मी पहिल्याच वाचनात बाजूला ठेवले. कंसातले वाक्य मात्र तीनदा वाचले. ज्या घरात आईचे ताट वेगळे मांडले जाऊ लागले होते, त्या घरातली तेरा वर्षांची मुलगी धीर गोळा करून तुमच्याकडे आली, कारण विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना उत्तर ठाऊक असणार अशी तिची खात्री होती. आणि तुम्ही तिला त्याच घरी परत पाठवलेत. घरी उत्तर मिळत असते तर ती तुमच्यापर्यंत आली असती का? मला तुमचा राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही. दोन तासांचा पाठ तयार करण्याची तळमळ तुमच्यापाशी आहे, पण जूनमध्ये हवे होते ते एका शब्दाचे उत्तर, आणि तो शब्द होता ‘चालते’.

कर्करोग ताटातून, पेल्यातून, पांघरुणातून किंवा मिठीतून कोणाला होत नाही. वर्गातला एखादा चुणचुणीत मुलगा विचारील, की मग गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे विषाणू असतो असे का म्हणतात. त्याला सांगा, की पसरतो तो विषाणू, रोग नव्हे, आणि तोही ताटावाटीतून नव्हे. त्या विषाणूविरुद्ध लस आहे, आणि ती मुख्यतः 9 ते 14 या वयातील मुलींसाठी सुचवली जाते. म्हणजे ज्यांना हे ऐकवू नये असे पालकांचे म्हणणे आहे, नेमक्या त्याच वयाच्या मुलींसाठी.

तुमच्या पाठाबद्दल. पडद्यावरची चित्रे कसली होती हे तुम्ही लिहिलेले नाही, पण पोर रडत बाहेर गेली त्यावरून मला अंदाज येतो. तंबाखूच्या पुडीवर छापतात तसल्या जबड्यांची असतील, तर ती काढून टाका. त्यांतून मुलांना किळस कळते, रोग कळत नाही. त्यापेक्षा जांभ्याच्या पाखाडीवर घसरून गुडघा फोडून घेतलेल्या एखाद्या मुलाला उभे करा. कोकणातल्या वर्गात असा मुलगा शोधावा लागत नाही. जखमेच्या कडेच्या पेशी विभागत जातात, खड्डा भरून येतो, आणि कातडी पूर्वीसारखी झाली की त्या थांबतात. हे थांबणे मुलांच्या नजरेस आणून द्या, कारण सारा विषय तिथे आहे. पेशी विभागताना तिच्यातल्या सूचनांची नक्कल होते, नकलेत चुका होतात, बहुतेक चुका शरीर स्वतःच दुरुस्त करते किंवा ती पेशी मरते; क्वचित मात्र चुका साचत जातात आणि एखादी पेशी थांबायचे विसरते. तिची प्रजा गाठ होऊन वाढते (रक्ताच्या कर्करोगात गाठही नसते), आणि त्यातल्या काही पेशी रक्तातून वा लसिकेतून (म्हणजे शरीरात वाहणाऱ्या पाणीदार द्रवातून) दुसऱ्या अवयवात जाऊन तिथे बस्तान मांडतात. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, हेही त्याच तासाला सांगा. नावाबद्दल प्रश्न येईलच. गाठीभोवती फुगलेल्या शिरा पाहून प्राचीन ग्रीक वैद्यांना खेकड्याची नांगी आठवली, आपला ‘कर्क’ही खेकडाच, तेव्हा कुर्ल्या खाल्ल्याने हा रोग होतो का, असे कोणी विचारले तर हसू नका, नाही म्हणून सांगा. त्याही मुलाला घरी विचारायला पाठवू नका.

कारणांपाशी मात्र सावकाश जा. पाठात तुम्ही तंबाखूचे नाव घेतले असणारच, आणि घ्यायलाच हवे. आपल्याकडे कितीतरी बायका सकाळी मशेरी लावतात आणि तिला कोणी व्यसन म्हणत नाही. सुपारीचेही नाव घ्या, गावाच्या पोटावर पाय येत असला तरी : तंबाखू नसलेली नुसती सुपारीदेखील कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नोंदवले आहे. पण त्याच दमात हेही सांगा, की तंबाखूने धोका पुष्कळ वाढतो आणि तरीही आयुष्यात तंबाखूला हात न लावलेल्या माणसालाही कर्करोग होतो. लहान मुलांनाही होतो, आणि त्यांनी तर काहीच केलेले नसते. हे दुसरे वाक्य गाळले, की वर्गातल्या चाळीस माना एका बाकाकडे वळतात आणि ‘तिच्या आईने काय केले होते’ हा विचार सुरू होतो. देवळात कौल लावून, कुणाचे काय चुकले ते शोधणारी माणसे त्या मुलीच्या आसपास आधीच असतील. तुमचा पाठ त्यांच्या मदतीला जाता कामा नये.

पालकांची समजूत काढण्यात मी वेळ घालवणार नाही. पेशी अभ्यासक्रमात आहेतच, मुख्याध्यापकांना तेवढे दाखवा.

आता एकच काम सांगते, आणि ते पाठाच्या आधीचे आहे. सहामाही परीक्षा संपून ती मुलगी गाडीत बसण्यापूर्वी तिला मधल्या सुट्टीत विहिरीकडच्या पायरीवर बोलवा, वर्गासमोर नव्हे. ‘जूनमध्ये तू मला विचारले होतेस आणि मी उत्तर दिले नव्हते, ते माझे चुकले’ असे म्हणा. मग उत्तर द्या. पुढचेही सांगा, कारण डोंबिवलीला पोचल्यावर तिला कदाचित आईच्या डोक्यावर केस दिसणार नाहीत : केमोथेरपीचे औषध झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालते, केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही झपाट्याने विभागणाऱ्याच, म्हणून त्या सापडतात, उपचार संपल्यावर केस बहुधा परत येतात. त्याच औषधाने रक्तातल्या, रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. तेव्हा मावशीने आईचे ताट-पेला वेगळा ठेवला असेल, तर ते आपल्या सर्दीखोकल्यापासून आईला जपण्यासाठी. आईपासून तिला जपण्यासाठी नव्हे. सर्दी नसेल तर साबणाने हात धुऊन तिने खुशाल आईला बिलगून बसावे आणि तिच्या ताटलीतली चकली खावी.

ती रडली तर रडू द्या. घंटा झाली म्हणून उठू नका.