मसाई मारा परवडेल, ती पॉलिसी नाही

साताऱ्याहून एका वाचकांचे पत्र आले आहे. वय 58, साखर कारखान्यात नोकरी, निवृत्तीला वीस महिने. पत्नी 55 वर्षांच्या, मुलीचे लग्न झालेले, घर स्वतःचे, डोक्यावर कर्ज नाही. एफडी 14 लाख, आणि निवृत्तीच्या वेळी पीएफ व ग्रॅच्युइटी मिळून 55 लाखांच्या आसपास हाती येतील. दोघांना केनियात मसाई मारा या वन्यजीवांच्या राखीव क्षेत्रात जायचे आहे. ऑगस्टमधल्या आठ दिवसांच्या सहलीचे माणशी 3 लाख 60 हजार सांगितले आहेत. प्रश्न एका ओळीचा: एफडी मोडू, की बँक 12 टक्क्यांनी कर्ज देते आहे ते घेऊ?

त्याखाली जाता जाता लिहिले आहे: 'पुढच्या सहलींची सोय करून ठेवली आहे. गेल्या वर्षी बँकेतल्या साहेबांनी एक गॅरंटीड इन्कम प्लॅन दिला. वर्षाला 3 लाख, दहा वर्षे. बाराव्या वर्षापासून पंधरा वर्षे दरवर्षी 4 लाख येतील, म्हणजे दरवर्षी एक देश. दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे.'

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो. एफडी मोडा. 7 लाखांवर 12 टक्क्यांनी वर्षाचे कर्ज म्हणजे महिन्याला 62 हजारांचा हप्ता. तेवढी रक्कम पगारातून बाजूला काढायची तुमची तयारी आहेच, तर ती बँकेच्या कर्जात भरण्याऐवजी आरडीत भरा. मुदतपूर्व मोडल्याचा दंड धरूनही वर्षाखेरीस तुम्ही पंधरा-वीस हजारांनी पुढे असाल. या विषयात याहून जास्त काही नाही.

आता ती 'सोय'. पॉलिसीच्या कागदाचा फोटो तुम्ही पाठवला आहे, बरे केलेत. खाली 60 लाखांच्या बेरजेभोवती निळ्या पेनाने दोन वेळा गोल काढला आहे आणि शेजारी लिहिले आहे 'डबल!'. तीस भरा, साठ घ्या. ऐकायला छान आहे. पण पहिला हप्ता तुम्ही 57 व्या वर्षी भरलात, पहिले 4 लाख 69 व्या वर्षी येणार आणि शेवटचे 83 व्या. एवढ्या काळात पैसे दुप्पट, याचा परतावा काढला तर वर्षाला जेमतेम 5 टक्के पडतो. तुमची ज्या बँकेत एफडी आहे, त्याच बँकेत, त्याच टेबलावर हे विकले गेले. ते विकताना 'एफडीसारखेच आहे, उलट जास्तच' असे सांगितले गेल्याचेही तुम्ही लिहिता. एफडी उद्या सकाळी मोडता येते. हे मोडून बघा.

आणि 'दरवर्षी एक देश' हे गणित कुणी केले? आज दोघांचा खर्च 7 लाख 20 हजार आहे. वर्षाला 6 टक्के महागाई धरली तर अकरा वर्षांनी हीच सहल साडेतेरा लाखांची होईल. त्या वर्षी हातात येणार 4 लाख. म्हणजे त्या पैशांत एकट्याचेही जाणे होणार नाही. नुसते मारा राखीव क्षेत्राचे प्रवेशशुल्कच बघा: काही वर्षांपूर्वीपर्यंत ते परदेशी माणसाला दिवसाला शंभर डॉलरच्या आत होते. 2024 पासून जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर आहे. तुमच्या कागदावरचे 4 लाख मात्र 2050 पर्यंत 4 लाखच राहणार आहेत. गॅरंटी आहे ती याचीच.

तरी हिशेब पॉलिसीच्या बाजूनेही करून बघू. पहिले 3 लाख गेले असे समजू आणि यापुढच्या 27 लाखांवर काय मिळते ते पाहू. साधारण 6 टक्के, करमुक्त. एवढ्यावरून कुणी 'चालू ठेवा' म्हणाले तर मी भांडणार नाही, पण एका अटीवर: हप्ता भरायला पैसे असले पाहिजेत. तुमच्याकडे ते नाहीत. सहलीनंतर आणि निवृत्तीनंतर, आरडी न धरता, तुमच्याकडे साधारण 62 लाख उरतील. साडेसात टक्क्यांनी वर्षाला साडेचार-पावणेपाच लाख. ईपीएसचे (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचे) पेन्शन महिन्याला सात हजार लिहिलेत, ते धरून साडेपाच लाख. घरखर्च आज महिन्याला 40 हजार, तोवर 45 होईल, म्हणजे वर्षाला 5 लाख 40 हजार. झाले की! यात 3 लाखांचा हप्ता कुठून बसवणार? निवृत्तीनंतर सात हप्ते उरतात, 21 लाख. ते सगळे मुद्दलातून जातील. मुद्दलाचा तिसरा हिस्सा अशा जागी अडकेल जिथून आजारपणात काढायला गेलात तर तोडूनच मिळेल. ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या 8.2 टक्के देते, दर तिमाहीला व्याज खात्यात येते आणि 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. साठीनंतर तुम्हाला हवे आहे ते हे. व्याजावर कर लागेल, लागू द्या.

तेव्हा दुसरा हप्ता भरू नका. पॉलिसी परत करण्याची तीस दिवसांची 'फ्री-लूक' मुदत कधीच गेली. पण ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनुसार पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल आणि वर्ष पूर्ण झाले असेल, तर काहीतरी सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मोडल्यावरची रक्कम, मिळते. किती, ते विमा कंपनीकडून लेखी मागा. बँकेतल्या साहेबांकडून नको, ते तुम्हाला चहा पाजतील आणि 'एवढा एक हप्ता भरा, मग बघू' म्हणतील. आकडा लाजिरवाणा असेल, मनाची तयारी ठेवा. 'एफडीसारखेच' म्हणून विकले याची तक्रार आधी विमा कंपनीकडे लेखी करा. समाधान झाले नाही तर विमा लोकपाल आहेत, पुण्यात कार्यालय आहे, फी लागत नाही. पैसे परत मिळतीलच असे मी सांगत नाही. पण तक्रारीच्या आशेवर तोवर पुढचा हप्ता भरणे हा शुद्ध वेडेपणा होईल.

सहलीला माझा विरोध नाही. उलट जायचे तर आत्ताच जा, आणि त्याला पैशाबाहेरचे एक कारण आहे. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या (यलो फीवर) लसीचे प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात नेतात. ही लस आयुष्यात पहिल्यांदा साठीनंतर घ्यायची तर गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर हात आखडता घेतात. तुम्ही 58 चे आहात. 69 व्या वर्षी 'पॉलिसीच्या पैशांनी' निघालात तर विमानतळाच्या आधी डॉक्टरांकडेच अडाल. लस सरकारमान्य केंद्रातच घ्या, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि आयुष्यभर चालते. शिवाय तिथली सफारी म्हणजे पहाटे सहाला निघून उघड्या टपाच्या गाडीत दिवसभर हाडे खिळखिळी करणे. नैरोबीहून नारोकमार्गे पाच-सहा तासांचा रस्ता आहे तो वेगळाच.

सहलीच्या पत्रकात मात्र एक वाक्य मला खटकले: 'विल्डबीस्टचे कळप नदी पार करताना हमखास दाखवू.' कोण दाखवणार? शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून येणारे ते लाखो गायीसारखे रानटी प्राणी जुलै ते ऑक्टोबरमध्ये मारा नदीच्या आसपास असतात, हे खरे. पण काठावर तासन्‌तास उभे राहून सगळा कळप माघारी वळतो, असेही नेहमी घडते. पावसाप्रमाणे चालणाऱ्या जनावरांची हमी देणारी कंपनी उरलेल्या गोष्टींची हमी कशी देत असेल, याचा अंदाज करा. नदीचे दृश्य हीच तुमच्या पत्नीची इच्छा असेल तर ऑगस्टच ठेवा, माराच्या तीन रात्रींच्या चार करा आणि नाही दिसले तर चिडायचे नाही असे घरातच ठरवून निघा. तो हट्ट नसेल तर फेब्रुवारी बघा. सिंह, हत्ती, जिराफ, चित्ते कुठे जात नाहीत, शुल्क निम्मे, गाड्यांची गर्दी कमी. नुसत्या शुल्कातच तीन दिवसांचे दोघांचे 600 डॉलर वाचतात, 90 रुपयांच्या भावाने 54 हजार. स्वस्त म्हणून एप्रिल-मे मात्र घेऊ नका. तिथली जमीन आपल्याकडच्यासारखीच काळी, पावसात गाडी रुतली की बसलात.

पत्राच्या शेवटी 'मेडिक्लेम कारखान्याचा आहे, ती काळजी नाही' असेही आहे. वीस महिन्यांनी तो संपेल. पत्नींना रक्तदाबाची गोळी चालू आहे, आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ लागू शकतो. दोघांची स्वतःची पॉलिसी या महिन्यातच घ्या, म्हणजे त्यातले वीस महिने कारखान्याच्या छत्राखालीच निघतील. 3 लाखांचा जो हप्ता वाचला, त्यातले चाळीस-पन्नास हजार इथे लावा. अर्जात गोळी लपवू नका, एजंटाने सांगितले तरी.

कंपनी सुचवा म्हणता, ते मी करत नाही. दरपत्रक फोडून मागा: प्रवेशशुल्क किती दिवसांचे धरले, गाडीत किती माणसे आणि प्रत्येकाला खिडकी आहे का, मुक्काम राखीव क्षेत्राच्या आत की बाहेर. बाहेर असेल तर रोजचा तास-दीड तास फाटकापर्यंतच जातो. प्रवास विम्यात विमानाने दवाखान्यात हलवण्याचा खर्च धरलेला हवा. टीसीएस, म्हणजे सहलीच्या रकमेवर आगाऊ घेतला जाणारा कर, कापतील, तो खर्च समजू नका. विवरणपत्रात तो परत मिळतो, फक्त बुकिंग तुमच्या पॅनवर करा, जावयांच्या नाही.