पहिल्या माहितीपटासाठी: आवाज आधी, चित्र मागून

पहिला माहितीपट नंदुरबारच्या ऊसतोड मजुरांवर करतोयस ना? मग वेळापत्रक टोळीच्या, म्हणजे एकत्र तोडीला जाणाऱ्या मजुरांच्या गटाच्या, हिशोबाने लाव. दिवाळीच्या सुमाराला लोक गुजरातकडे निघतात. उचल (मजुरीची आगाऊ रक्कम), मुकादम (मजूर जमवणारा ठेकेदार), गाडी भरणं, हे त्याआधीच टिपलं पाहिजे. नंतर पाड्यावर (आदिवासी वस्तीवर) बहुतेक म्हातारी माणसं आणि पोरंच भेटतील.

कॅमेऱ्यापेक्षा आवाजावर खर्च कर. कॉलर माइकला वाऱ्याचा आवाज अडवणारं केसाळ कवच हवंच, नाहीतर सातपुड्याच्या उतारावरची मुलाखत एडिटिंगमध्ये वापरता येत नाही. प्रत्येक जागी ३० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड कर, एडिटिंगमध्ये दोन तुकड्यांमधला जोड लपवायला तीच लागते. फ्रेम रेट सेकंदाला २५ चित्रं, शटर १/५० सेकंद ठेव. नाहीतर ट्यूबलाइट लुकलुकते. मे महिन्यात भुसावळकडे दुपारी कॅमेरा तापून बंद पडतो, म्हणून शूटिंग सकाळी १० पर्यंत उरक.

संमती माणसाच्याच बोलीत, कॅमेऱ्यासमोर घे. अहिराणी येते म्हणून पावरी-भिलोरी या आदिवासी बोली कळतील असं समजू नको; दुभाषा पाड्यातलाच घे, मुकादमाचा माणूस तर मुळीच नको. लैंगिक अत्याचारपीडित मुलाचं नाव, चेहरा, शाळा, गाव काहीच दाखवायचं नाही, पोक्सोचं (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं) कलम २३ आहे. नुसता चेहरा धूसर करून भागत नाही, आवाजावरूनही गावातले लोक ओळखतात.

रोज रात्री फुटेजच्या दोन प्रती, दोन वेगळ्या बॅगांत.