गजकर्ण टॉवेलवरून लागतं का, की अस्वच्छ राहिल्यामुळे होतं?

टॉवेलवरून लागतं, चांगलंच लागतं. आणि ते 'अस्वच्छ' तुम्हाला कोण म्हणालं असेल याचा मला अंदाज आहे. मी ते सासरी ऐकलंय, लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात.

चिपळूणचा जुलै. कपडे माजघरात दोरीवर, वाळता वाळत नाहीत. न्हाणीच्या दाराला एकच पंचा, अख्खं घर त्यालाच अंग पुसणार. माझ्या कमरेवर परकराच्या नाडीखाली गोल चट्टा उठला, कड लाल आणि खवलेदार, मधली कातडी जवळजवळ साफ. सासूबाईंचा निकाल तयार होता, "माहेरून आणलंन." माझं अंथरूण वेगळं झालं, ताटसुद्धा. ताटाने हे लागत नाही. पंचा मात्र तोच!

सासरे कधीपासून मांडी खाजवत होते, ते कुणाला दिसत नव्हतं. मेडिकलवाल्याकडून 'खाजेची ट्यूब' आणून चोळायचे. असल्या ट्यूबांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. खाज दबते, पण गजकर्ण ज्या बुरशीने होतं ती आरामात पसरते, आणि पुढे चट्टा डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही. गजकर्ण आजकाल हटता हटत नाही त्यात या ट्यूबांचा मोठा हात आहे. त्वचेच्या डॉक्टरांनी माझ्या चट्ट्याची कड खरवडून काचपट्टीवर घेतली, तपासली आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला?" नवरा खाली बघत बसला.

बुरशी अंगावरून झडलेल्या कोंड्यातून पंचा, चादर, कंगव्यावर जाते आणि तिथे महिनोन्‌महिने तग धरते. मांजराच्या पिल्लावरूनही येते. तिला ओल आणि ऊब हवी. दोनदा अंघोळ करून ओलेत्या अंगावर परकर कसणारी बाई तिला आयतीच मिळते.

म्हणून पंचे वेगळे करा, कपडे गरम पाण्यात धुवा, ऊन नसेल तर शिवणींवरून, नाडीवरून कडक इस्त्री फिरवा. ज्यांना ज्यांना झालंय त्या सगळ्यांनी औषध एकाच वेळी सुरू करायचं, आणि चट्टा गेला तरी डॉक्टर सांगतील तोवर घ्यायचं. वडीलधाऱ्यांना आधी न्या, सुनेला नंतर.

हां, पाठीवरची शिबं वेगळी, ती अशी एकाची दुसऱ्याला लागत नाहीत. आणि सासऱ्यांना मधुमेह होता, त्यात असले त्रास जास्त होतात, तेव्हा त्यांना दोष देत नाही. पण "तुमचा पंचा वेगळा ठेवा" एवढं म्हणायला त्या घरात कुणाची जीभ उचलली नाही. सासूबाई अजूनही माहेरूनच म्हणतात. माझ्या माहेरी आजतागायत कुणाला झालेलं नाही.