पुवाच्या रिपोर्टवर ‘एमआरएसए’ लिहिले आहे, म्हणजे नेमके काय?

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा की, यजमानांना गेल्या आठ महिन्यांत काखेत आणि मांडीवर तीनदा गळू झाले, या वेळी पुवाच्या कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ हा जंतू वाढला आणि खाली ‘एमआरएसए’ (मेथिसिलीन-रेझिस्टंट स्टॅफिलोकॉकस ऑरियस, म्हणजे मेथिसिलीन या औषधाला न जुमानणारा हाच जंतू) असा शेरा आला. एका नातेवाइकांच्या मते रक्त खराब झाले आहे, दुसऱ्यांच्या मते या जंतूवर औषधच नाही, औषध दुकानदार ‘स्ट्राँग’ इंजेक्शनांचा कोर्स सुचवतो आहे आणि घरात दोन वर्षांची मुलगी आहे. मी डॉक्टर नाही. मात्र सव्वीस वर्षे सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पुवाच्या प्लेटा वाचल्या असल्यामुळे त्या कागदावरील शब्दांचा अर्थ काय आणि त्यातून काय काढू नये, एवढे सांगू शकतो.

ॲबर्डीन येथील शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांना १८८० मध्ये गळवांतील पुवात गोल जंतूंचे पुंजके दिसले आणि दोन वर्षांनी त्यांनी द्राक्षाच्या घडासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांना ‘स्टॅफिलोकॉकस’ हे नाव दिले. तासगावकडच्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या रंगाचे दाणे खरोखरच घडासारखे एकमेकांना बिलगलेले असतात. १८८४ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक रोझेनबाख यांनी सोनेरी वसाहती करणारा ‘ऑरियस’ वेगळा काढला. मात्र रंगावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून आम्ही सशाच्या रक्तातील प्लाझ्मा काचेच्या नळीत घेऊन त्यात हा जंतू मिसळतो आणि नळी ३७ अंशांवर चार तास ठेवतो; ऑरियस असेल तर प्लाझ्मा विरजण लागल्यासारखा घट्ट होतो आणि नळी आडवी केली तरी ओघळत नाही. हीच कोॲग्युलेज चाचणी. ती नकारात्मक आली तर बहुधा तो त्वचेवरचा साधा एपिडर्मिडिस निघतो, जो आपल्या सर्वांच्या अंगावर असतो आणि कृत्रिम सांधा, हृदयातील कृत्रिम झडप किंवा शिरेतील नळी असलेल्या रुग्णांत प्रामुख्याने त्रास देतो. एका रुग्णाच्या जखमेच्या सुकलेल्या खपलीवर नुसता बोळा फिरवून पाठवलेल्या नमुन्यात हाच वाढला होता आणि केवळ रिपोर्टवर जंतूचे नाव आहे म्हणून त्यांना दहा दिवस इंजेक्शने दिली गेली, हे मी पाहिले आहे. तेव्हा नमुना कोठून आणि कसा घेतला, हे पहिल्यांदा विचारावे. आपल्या बाबतीत बंद गळू उघडून पू घेतला असल्याने त्या नावाला अर्थ आहे.

आता ‘रक्त खराब’ या समजाबद्दल. साधारणपणे दर तीन प्रौढांपैकी एकाच्या नाकपुडीत ऑरियस सुखाने नांदत असतो. आमच्या प्रयोगशाळेत एकदा सर्वांच्या नाकांचे नमुने तपासले, तेव्हा माझ्याच नाकात तो निघाला आणि सहकाऱ्यांना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. मला मात्र आजवर एक रांजणवाडी सोडली तर काही झालेले नाही. रक्ताशी याचा संबंध नाही. नाकातून बोटांवर, बोटांवरून काखेत, तेथे वस्तऱ्याने केस काढताना पडलेल्या बारीक ओरखड्यातून केसाच्या मुळाशी, असा त्याचा प्रवास होतो. तेथे आधी केसतूड होते, ते खोल गेले की करट किंवा गळू, आणि अनेक तोंडांचे झाले की लोक त्याला काळपुळी म्हणतात. मात्र पुन्हा पुन्हा होत असेल तर मधुमेह आहे का, हे एकदा तपासलेच पाहिजे. यजमानांची उपाशीपोटी साखर आणि तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी तपासणी झाल्याचे आपण लिहिलेले नाही. ती करून घ्यावी.

एमआरएसए या अक्षरांची भीती समजू शकते, पण त्यांचा अर्थ मर्यादित आहे. १९२८ मध्ये फ्लेमिंग यांच्या ज्या प्लेटवर बुरशी पडून पेनिसिलीनचा शोध लागला, त्या प्लेटवर वाढत होता तो स्टॅफिलोकॉकसच. १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला ते औषध दिले गेले, तेव्हा चेहऱ्यावर पसरलेला जंतुसंसर्ग झपाट्याने उतरला. औषध इतके दुर्मीळ होते की त्याच्या लघवीतून ते परत काढून वापरले गेले, तरी साठा संपला आणि तो दगावला. पुढे औषध मुबलक झाले, तेव्हा हा जंतू ते फोडणारे एन्झाइम तयार करू लागला. त्यावर उतारा म्हणून १९५९ मध्ये मेथिसिलीन आले आणि १९६१ मध्येच ब्रिटनमध्ये त्यालाही न जुमानणारे जंतू सापडले. या जंतूंत मेक-ए नावाचा जनुक असतो. त्यामुळे पेशीभित्ती विणणारे एक वेगळे प्रथिन तयार होते, ज्याला पेनिसिलीन कुळातील औषध चिकटूच शकत नाही. प्रयोगशाळेत आम्ही जंतू पसरलेल्या प्लेटवर सेफॉक्सिटिन या औषधाची चकती ठेवतो आणि तिच्याभोवतीचे, जंतू न वाढलेले मोकळे वर्तुळ २१ मिलिमीटर किंवा त्याहून लहान भरले की एमआरएसए असा शेरा मारतो. म्हणजे पेनिसिलीनची आणि त्याच्या नात्यातल्या सेफॅलोस्पोरिन गटातील जवळजवळ सर्व औषधांची दारे बंद, एवढेच. भारतातील अनेक रुग्णालयांतून २००८ आणि २००९ मध्ये गोळा केलेल्या ऑरियसमध्ये सुमारे ४० टक्के जंतू याच प्रकारचे होते, तेव्हा आपल्याकडे काही अघटित घडलेले नाही. को-ट्रायमॉक्सॅझोल, डॉक्सिसायक्लिन, क्लिंडामायसिन यांसारखी तोंडाने घ्यायची औषधे पुष्कळदा चालतात. रिपोर्टवर क्लिंडामायसिनपुढे ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध लागू पडते) असेल तर मात्र ‘डी-टेस्ट’ निगेटिव्ह आहे का ते पाहावे. एरिथ्रोमायसिनची चकती शेजारी ठेवल्यावर वर्तुळाची एक बाजू चपटी होऊन इंग्रजी डी अक्षर उमटले, तर ते औषध उपचाराच्या मध्येच दगा देऊ शकते.

दुकानदाराच्या इंजेक्शनांना माझा ठाम विरोध आहे. बहुतेक वेळा अशी इंजेक्शने सेफॅलोस्पोरिनचीच असतात, म्हणजे या जंतूवर निरुपयोगी. शिवाय गळवाचा खरा उपचार म्हणजे शल्यचिकित्सकाने ते व्यवस्थित उघडून पू काढणे. पुवाच्या पोकळीत औषध नीट पोहोचत नाही. गळू लहान असेल तर गरम पाण्याच्या घडीने शेकल्यावर ते पिकून तोंड धरते. घरी सुईने फोडू नये, दाबू तर मुळीच नये, आणि नाकावरचे किंवा वरच्या ओठावरचे कधीही नाही, कारण तेथील शिरांतून जंतुसंसर्ग मेंदूकडे जाऊ शकतो.

थंडी वाजून ताप भरला, लाली तासागणिक पसरू लागली, धाप लागली किंवा पाठीत नव्याने तीव्र वेदना सुरू झाल्या, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हा जंतू रक्तात शिरला की हृदयाच्या झडपांवर, मणक्यांत आणि हाडांत ठाण मांडू शकतो; रक्तात शिरलेल्या जंतूवर उपचार किमान दोन आठवडे शिरेतून चालतो आणि पहिला डोस देण्यापूर्वी ब्लड कल्चर घेणे फार मोलाचे असते. आधी कोणी एखादे इंजेक्शन टोचले असेल तर आमच्या बाटल्यांत पुष्कळदा काहीच वाढत नाही आणि डॉक्टरांना अंधारात चाचपडावे लागते.

मुलीला यजमानांपासून दूर ठेवण्याची गरज नाही. जखम झाकलेली असावी, टॉवेल, वस्तरा आणि पांघरूण वेगळे असावे, तिची नखे कापलेली असावीत आणि पट्टी बदलल्यावर साबणाने हात धुतले जावेत. तिच्या नाकाभोवती मधासारख्या पिवळ्या खपल्या आल्या किंवा ताप येऊन अंगाची कातडी भाजल्यासारखी सुटू लागली, तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. बोटाला गळू किंवा नखुरडे असेल तर त्या हाताने खवा, श्रीखंड, पेढे यांना शिवू नये. हा जंतू अन्नात जे विष सोडतो ते नंतर उकळूनही जात नाही आणि खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात.

गळवे पुन्हा होऊ नयेत म्हणून नाकातला आणि अंगावरचा जंतू घालवण्यासाठी नाकात पाच दिवस लावायचे म्युपिरोसिन मलम आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे स्नान हा उपाय डॉक्टर सुचवतील. तो आताचे गळू पूर्ण बरे झाल्यावर करावा. घरात आणखी कोणाला गळवे होत असतील तर तो सर्वांनी एकाच आठवड्यात केलेला बरा, नाहीतर एकाच्या नाकातून गेलेला जंतू दुसऱ्याच्या नाकातून परत येतो.