वाचकांचे प्रश्न : जमिनीखालची तेलवाहिनी, वरचे शेतकरी

प्रश्न : युगांडा-टांझानिया तेलवाहिनी तर जमिनीत पुरली जाते. मग शेतकऱ्यांचे एवढे नुकसान कसे होते?

उत्तर : युगांडातल्या होइमाजवळून टांझानियातल्या टांगा बंदरापर्यंत १,४४३ किलोमीटरची ही वाहिनी, आणि तिच्यासाठी ३० मीटर रुंदीचा पट्टा. १०० मीटर लांब-रुंद, म्हणजे एक हेक्टरच्या शेतातून ती सरळ गेली तर ०.३ हेक्टर जमीन जाते. उरतात दोन तुकडे. एखादा तुकडा इतका चिंचोळा असतो की त्यात पीक घेणे परवडत नाही. त्याचीही भरपाई मागायलाच हवी. पट्ट्यावर पुढे घर बांधता येत नाही, खोल मुळांची झाडेही लावता येत नाहीत.

खरा घाव मात्र विलंबाचा. भरपाईसाठी जमीन-पिकांच्या मोजणीची अंतिम तारीख ठरली की त्यानंतर लावलेली कॉफी, केळी भरपाईत धरली जात नाहीत. लोक लागवड थांबवतात आणि पैसे वर्षांनी हाती येतात, तोवर जमिनीचे भाव चढलेले असतात. ताबा घेण्याआधी योग्य भरपाई तातडीने द्यावी, असे युगांडाच्या संविधानाचे २६वे कलम सांगते. तरी हे घडले, हा अन्यायच आहे.

प्रश्न : तेल तापवतात का?

उत्तर : हो. त्यात मेण जास्त असल्याने ते गार झाले की थिजते. म्हणून सुमारे ५० अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम ठेवावे लागते. त्यासाठी उष्णतारोधक आवरण लागते, शिवाय सतत वीज. मार्गाचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग व्हिक्टोरिया सरोवराच्या खोऱ्यातून जातो. तिथे गळती झाली तर तेल ओढ्यांतून, पाणथळींतून पसरते, म्हणून नदीच्या दोन्ही काठांवर बंद करता येणाऱ्या झडपा हव्यातच.