पोटरीची कळ आणि बंद केलेल्या गोळ्या

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. सकाळी दूध आणायला निघाले की दीडशे पावलांवर उजवी पोटरी भरून येते आणि दोन मिनिटे थांबले की कळ जाते. पायाची धमनी अरुंद झाल्याचे निदान होऊन दोन महिन्यांपूर्वी क्लोपिडोग्रेल, अॅटॉर्वास्टॅटिन आणि सिलोस्टॅझॉल या गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या दोन गोळ्यांनी पायाला काहीच फरक पडत नाही, म्हणून त्यांनी त्या परस्पर बंद केल्या आहेत. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. या दोन गोळ्या पुन्हा सुरू करण्यासाठी आजच आपल्या डॉक्टरांशी बोलावे. या गोळ्यांनी कळ थांबत नाही हे वडिलांचे म्हणणे खरे आहे, कारण त्या कळेसाठी दिलेल्याच नाहीत. पायाची धमनी चरबीच्या ज्या थरामुळे अरुंद झाली, तसाच थर हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही साचत असतो. त्यामुळे अशा रुग्णाला पाय गमावण्यापेक्षा हृदयविकाराच्या झटक्याची आणि पक्षाघाताची भीती अधिक असते. ती कमी करण्याचे काम या दोन गोळ्या करतात. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी या आजारात स्टॅटिन (यांच्या गोळ्यांतले अॅटॉर्वास्टॅटिन) घ्यावेच लागते.

चालण्याचे अंतर वाढवते ती सिलोस्टॅझॉल, आणि खरे तर तीन महिन्यांत गुण न आल्यास थांबवायची असते ती हीच गोळी. ती जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यावी. हृदय कमजोर असलेल्या रुग्णाला ती मुळीच चालत नाही. म्हणून पावलांवर सूज आली किंवा उताणे झोपल्यावर दम लागला, तर ती थांबवून डॉक्टरांना लगेच कळवावे.

वडिलांचा गोळ्यांचा डबा एकदा स्वतः उघडून पाहा, असे मी आग्रहाने सांगेन. पित्तासाठी अनेक घरांत सर्रास घेतली जाणारी ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करते आणि सिलोस्टॅझॉलचा वाढवते. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक चालू असेल, तर क्लोपिडोग्रेलबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला डांबरासारखी काळी होणे ही त्याची खूण आहे.

गोळ्यांइतकेच चालणेही आवश्यक आहे. कळ येईपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे. असे अर्धा ते पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा, निदान बारा आठवडे. तंबाखू असेल तर ती पूर्ण सोडावी. रात्री अंथरुणातही पाय दुखू लागला किंवा बोटावरची जखम भरेना, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्यांना दवाखान्यात न्यावे. पाय एकाएकी थंड आणि पांढरा पडला, तर त्याच तासाला.